अठ्ठावीस दातांचा रोबो

वहिनींच्या हातून आजवर चार हजार तरी कवळ्या गेल्या असतील, आणि त्यांतली एकही कोणी धड पाहिलेली नव्हती. म्हणजे पाहिली असेल, पण कवळी म्हणून नाही. त्या कामाची गंमतच तशी आहे. कवळी चांगली झाली तर लोक म्हणतात, "वा, या वयातही काय दात आहेत!" आणि बिघडली तरच विचारतात, "कोणी केली हो?" सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून वहिनींनी मेणात दात रोवले, हिरड्या घडवल्या, एखादा सुळा मुद्दाम किंचित तिरका बसवला, कारण ओळीने उभे राहिलेले दात खोटे दिसतात. आणि एवढं सगळं कशासाठी, तर कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

मला त्याचं काही वाटत नाही, असं वहिनी म्हणत. वाटत होतं, चांगलंच वाटत होतं. आपण केलेली एक तरी वस्तू लोकांनी थांबून, वाकून, डोळे बारीक करून बघावी, आणि "कोणी केली?" हे तक्रारीच्या सुरात नव्हे तर कौतुकाने विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वय बावन्न. हातात अजून थरथर नव्हती. पण ती काही वाट बघत थांबणार नव्हती.

अशात छंद लागला तो धाकट्या दिरामुळे. भाऊजी वयाने एक्केचाळीस, पण खोलीत पाऊल ठेवावं तर जिकडेतिकडे रोबो. जपानी कार्टूनमधले ते खांद्यावर तोफा, पाठीवर पंख वगैरे बाळगणारे यंत्रमानव. ते विकत मिळतात तेव्हा सुटे असतात. प्लास्टिकच्या जाळ्यांना दोनतीनशे तुकडे लटकलेले, ते एकेक कापायचे, घासायचे, जोडायचे आणि वर रंग द्यायचा. भाऊजींची बदली परगावी झाली तेव्हा जाताना ते एक बंद खोका वहिनींच्या हवाली करून गेले. "वहिनी, नुसता सांभाळा. उघडू मात्र नका."

उघडू नका म्हटल्यावर तो खोका तरी बिचारा किती दिवस टिकणार? त्याच आठवड्यात वहिनी जिन्यात घसरल्या, पायाला प्लास्टर लागलं आणि तीन आठवडे घरी बसायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण नुसतं वर करून पाहिलं. चौथ्या दिवशी रोबोचे दोन्ही पाय तयार होते.

व्हिडिओ कॉलवर भाऊजी आधी चिडले, मग म्हणाले, "वहिनी, कॅमेरा जवळ न्या. अजून जवळ. हातावरचा जोड कुठे गेला?"

"कसला जोड?"

"दोन अर्धे तुकडे चिकटवले की मधे रेघ दिसते. ती कुठाय?"

"दिसायला नकोच असते ना ती?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्या सगळ्या रोबोंवर दिसते ती मी पाहिलीय. म्हटलं, कशाला बोला."

भाऊजींनी त्याच कॉलमध्ये हात टेकले आणि आपल्या इथल्या रोबो-मंडळाचा पत्ता देऊन टाकला.

मंडळ म्हणजे एका खेळण्यांच्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. दर शनिवारी तिथे वीसेक माणसं जमत. एक विमा एजंट, दोघे ड्रायव्हर, एक सर्जन, ज्यांच्या हाताला ऑपरेशनपेक्षा इथे जास्त घाम फुटे, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई, आणि असेच आणखी काही. ही सगळी मंडळी भाऊजींना ओळखत होती, म्हणून पहिल्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. साठीच्या सर्जनच्याही वहिनी.

आणि तिथे केमिस्ट होते. सडपातळ, नखशिखांत इस्त्री केल्यासारखे, औषधांच्या दुकानात बसणारे. दर वर्षी मंडळाची स्पर्धा होई आणि पहिला आलेला रोबो खालच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत वर्षभर ठेवला जाई. सलग तीन वर्षं तिथे केमिस्टांचाच होता. रंग राखाडी, कुठे डाग नाही, कुठे बोट उमटलेलं नाही, औषधाच्या चिठ्ठीसारखं मोजूनमापून केलेलं काम. केमिस्ट दुसऱ्यांच्या टेबलांवरून हात पाठीमागे बांधून फिरत आणि प्रत्येक रोबोला बरोबर एक सेकंद देत. वहिनींच्या पहिल्या रोबोलाही एक सेकंद मिळाला. वहिनींनी मोजला होता.

ती खिडकी वहिनींच्या लॅबला जायच्या रस्त्यावरच होती. लोक तिथे खरोखर थांबत. भाजीच्या पिशव्या सांभाळत, मोबाइल कानाला लावून, पण थांबत. वहिनींनी घरी जाहीर करून टाकलं, "या वर्षी खिडकीत मी."

"तू मावणार आहेस का त्यात?" त्यांच्या यजमानांनी विचारलं. ते लिफ्ट दुरुस्त करत, आणि विनोद करायची एकही संधी दोन मजल्यांच्या मधे अडकू देत नसत.

नवा रोबो आणला, चांगला हातभर उंच. खोका उघडून वहिनींनी आधी चेहरा पाहिला आणि त्यांचं डोकंच फिरलं. दोन डोळे, कपाळावर शिंगं, आणि खाली सपाट मुखवटा. "याला तोंडच नाही! मग हा लढताना ओरडतो कुठून?"

तिथून पुढचे चार महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी लॅबला जायच्या आधी दीड तास वहिनी खिडकीशी बसत. मुखवटा कापला. जबडा घडवला, त्याला बिजागरी बसवली. मग कवळीच्याच पदार्थाचे तांदळाच्या कणीएवढे दात कोरले, वर चौदा, खाली चौदा. प्रत्येकाला आकार, सुळ्याला टोक, दाढेला खाचा. रंग पांढराशुभ्र नाही, कारण तसे दात फक्त जाहिरातीत असतात. लॅबच्या रंगपट्टीवर ए-तीन म्हणून एक छटा आहे, जराशी पिवळट, चहा पिणाऱ्या सज्जन माणसाची. ती दिली. आणि अंगाचा रंग? सगळे देतात तसा निळा, राखाडी, काळा? छे. वहिनींनी त्या अवाढव्य योद्ध्याला डोक्यापासून पायापर्यंत हिरडीचा गुलाबी रंग दिला, आणि वर कवळीत घालतात तशा लालसर बारीक शिरा काढल्या.

यजमान चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत राहिले. "अगं, हा हसतोय की."

"हो."

"लढाईला निघालाय ना पण?"

"म्हणून तर. हसत येणाऱ्याची जास्त भीती वाटते."

यजमानांनी विचार केला आणि ते पटून एक पाऊल मागे सरकले.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, वहिनी फक्त डोकं लॅबमध्ये घेऊन गेल्या. दातांना शेवटची झिलई द्यायची होती आणि तसं मशीन घरी नव्हतं. काम झालं, डोकं ओल्या कापसात गुंडाळून कवळीच्या निळ्या डबीत ठेवलं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला. झाकणावर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, "वर-खाली, ए-तीन." शेजारी तश्शीच निळी डबी होती. तिच्यात एका आजोबांची पूर्ण कवळी. तीही वर-खाली, तीही ए-तीन. वहिनींनी एक डबी पर्समध्ये टाकली, दुसरी डिलिव्हरीच्या ट्रेमध्ये ठेवली, आणि शीळ घालत घरी गेल्या. शीळ त्यांना येत नव्हती, पण त्या दिवशी आली.

शनिवारी सकाळी साडेदहाला हॉलमध्ये वहिनींनी रोबो टेबलावर उभा केला. गुलाबी धडाकडे पाहून विमा एजंट खुर्चीतच बसले. वहिनींनी ऐटीत डबी काढली, झाकण उघडलं, आणि आतून आजोबांची कवळी त्यांच्याकडे पाहून प्रसन्न हसली.

वहिनींच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पर्समधला फोन वाजला. आजोबांच्या डेंटिस्टबाईंची मदतनीस होती. "वहिनी, तुम्ही पाठवलेली कवळी ना... तिला शिंगं आहेत."

"हात लावू नका!" वहिनी ओरडल्या. "म्हणजे, हात लावा, पण बोटं पुसून लावा! मी आलेच!"

मंडळात एक नियम होता आणि त्यात सूट कोणालाच नव्हती. बाराच्या ठोक्याला दुकानदार घंटा वाजवून "हात वर!" म्हणत, आणि सगळे जण दरोडा पडल्यासारखे हात वर करून टेबलापासून मागे होत. त्यानंतर निकाल लागेपर्यंत रोबोला बोट लावलं तर तो बाद. एका वर्षी सर्जननी घंटेनंतर नुसती धूळ फुंकली होती, तेही बाद झाले होते.

"मी जाऊन अदलाबदल करून येतो," सोबत आलेले यजमान म्हणाले. "तू थांब इथे."

"तुम्ही ते डोकं पान्यांबरोबर खिशात टाकाल. चला, स्कूटर काढा."

वीस मिनिटं जायला, वीस यायला. वेळ चिक्कार होता.

दवाखान्यात खुर्चीवर आजोबा आडवे होते, गळ्यात कागदी लाळेरं, आणि तळहातावर रोबोचं डोकं. ते एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि त्याच दुपारी त्यांचा कार्यक्रम होता. तोंडात एकही दात नसताना ते इतके हसत होते की मदतनीसबाईंना त्यांची खुर्ची धरून ठेवावी लागत होती.

"मी म्हटलं, दात जरा लहान आलेत," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "पण सोबत अख्खं डोकं मिळतंय, तर कशाला परत करा!"

वहिनींनी आधी डोकं ताब्यात घेतलं, उलटसुलट पाहिलं, सुखरूप होतं. मग कवळी दिली. डेंटिस्टबाईंनी ती बसवली, आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं. छान बसली. यजमान दारातून घड्याळ दाखवायला लागले. अकरा वाजून पाच मिनिटं. वहिनी निघाल्या, आणि आजोबांनी सहज म्हणून ट्रम्पेट ओठाला लावला.

सूर निघाला. पण सुराच्या कडेने एक बारीक फुसफुस निघाली. डेंटिस्टबाईंना ती ऐकू आली नाही. यजमानांना तर ट्रम्पेटच जेमतेम कळला. वहिनी मात्र दारातच थबकल्या.

"डावीकडची दाढ उंच आहे," त्या म्हणाल्या. "कवळी किंचित डुगडुगतेय, म्हणून ओठाखालून हवा जाते."

"अगं, बसली की! कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

आणि बाईसाहेब परत येऊन बसल्या. कवळी बाहेर, केसाएवढं घासणं, कवळी आत, फूं. अजून फुसफुस. कवळी बाहेर, अर्ध्या केसाएवढं घासणं, कवळी आत, फूं. शेजारच्या खोलीत ज्याची दाढ काढायची होती तो माणूस हे आवाज ऐकून निघून गेला. सहाव्या खेपेला ट्रम्पेटमधून असा लख्ख, भरघोस सूर बाहेर पडला की भिंतीवरच्या जबड्याच्या तक्त्याची खालची पट्टी निसटली. आजोबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. त्यांनी वहिनींसाठी आठ सूर वाजवले, डेंटिस्टबाई टाळ्या वाजवायला लागल्या, मदतनीसबाई नाचल्या, आणि यजमान मात्र दारात हातातलं घड्याळ मनगटासकट डोक्यावर धरून उभे होते. अकरा त्रेचाळीस.

मग स्कूटर जी सुटली म्हणता! यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदा पिवळा दिवा पाहून वेग वाढवला. मागे बसलेल्या वहिनींनी पर्स छातीशी धरली होती आणि त्या प्रत्येक वळणावर "डोकं! डोकं!" असं ओरडत होत्या. लोक वळून बघत होते. दुकानापाशी पोचल्या तेव्हा लिफ्टवर पाटी लटकत होती, "दुरुस्ती चालू." वहिनींनी यजमानांकडे असं पाहिलं की ते म्हणाले, "ही माझ्या कंपनीची नाही, देवाशपथ." दोघं दोन दोन पायऱ्या गाळत वर निघाले.

दुसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनींनी घंटा ऐकली.

हॉलमध्ये वीस माणसं हात वर करून उभी होती. मधे त्यांचा गुलाबी योद्धा, कंबरेवर एक हात, दुसऱ्या हातात भाला, आणि मानेच्या जागी नुसती खुंटी. वहिनी दारातच थांबल्या. पर्समधली डबी मुठीत घट्ट धरली होती. चार महिने, अठ्ठावीस दात, आणि उशीर किती, तर चार पावलांचा. त्यांना रडू आलं, आणि श्वास इतका लागला होता की धड रडताही येईना.

परीक्षक तिघे होते. दुकानदार, घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि चित्रकलेच्या बाई, ज्या स्वतः त्या वर्षी स्पर्धेत नव्हत्या. ते टेबलांवरून फिरले. गुलाबी धडापाशी पोचल्यावर बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तिघांची कुजबुज झाली. मग बाई पुढे आल्या आणि त्यांनी घसा साफ केला.

"इतकी वर्षं आपण काय करतो? सुंदर चेहऱ्याची युद्धयंत्रं करतो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "पण या कलाकाराने वेगळी हिंमत केली. शरीर मांसाच्या रंगाचं, शिरा उघड्या, आणि डोकं? डोकं नाहीच! युद्ध किती बिनडोक असतं हे यापेक्षा कमी शब्दांत कोणी सांगेल का? पहिला क्रमांक, वहिनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्जननी डोळे टिपले. "मला वाटलंच होतं," विमा एजंट म्हणाले. त्यांना काहीही वाटलं नव्हतं.

वहिनी जागच्या जागी उभ्या. खिडकी त्यांची झाली होती. वर्षभर लोक थांबणार, वाकणार, डोळे बारीक करणार. यजमानांनी मागून हळूच चिमटा काढला आणि दातओठ न हलवता म्हणाले, "गप्प राहा. फक्त गप्प राहा. पाया पडतो."

त्या गप्प राहिल्याही. चांगल्या दहा सेकंद. तेवढ्यात त्यांच्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता. लोक खिडकीपाशी थांबतील ते काय बघायला? जे मी केलंच नाही ते. आणि जे केलं ते या डबीत. पुन्हा डबीतच.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "डोकं आहे."

"हो, अर्थाच्या पातळीवर आहेच..."

"नाही हो. खरंच आहे. हे काय."

आणि त्यांनी डबी उघडली, ओला कापूस बाजूला सारला, आणि सगळ्यांच्या देखत, निकाल अजून वहीत लिहिला गेला नसताना, डोकं मानेवर दाबलं. टक्क.

गुलाबी योद्धा हॉलकडे पाहून हसला. वर चौदा, खाली चौदा, चहा पिणाऱ्या सज्जन माणसाचे.

मग दोघांपैकी एक ड्रायव्हर फिस्कन हसले, ते दाबायला गेले तर नाकातून आवाज आला, आणि मग सगळा हॉलच फुटला. सर्जन टेबल धरून हसत होते. घड्याळवाले म्हातारे हसता हसता खाली बसले आणि त्यांना उठवायला गेलेले दुकानदारही बसले. चित्रकलेच्या बाई तेवढ्या उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि शेवटी त्याही, "अहो, पण मी केवढं बोलले!" म्हणून पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या.

दुकानदार कसेबसे उठले. "वहिनी, घंटेनंतर हात लावलात. नियम म्हणजे नियम. बाद करावं लागेल हो."

"करा," वहिनी म्हणाल्या. त्यांना विलक्षण हलकं वाटत होतं.

"मग पहिला क्रमांक केमिस्टांचा. केमिस्ट? कुठे गेले केमिस्ट?"

केमिस्ट कुठे गेले नव्हते. ते वहिनींच्या टेबलापाशी उभे होते, हात पाठीमागे, पाठ काटकोनात वाकलेली, डोळ्याला घड्याळवाल्यांची काच. एक सेकंद झाला. दहा झाले. वहिनी मोजत राहिल्या आणि साठच्या पुढे त्यांनी नाद सोडला. दुकानदारांनी दोनदा नाव पुकारलं तरी केमिस्ट हलले नाहीत. त्यांच्या मागे सर्जन येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे एजंट, मग दोघे ड्रायव्हर, आणि बघता बघता रांग पार दारापर्यंत गेली.

"जबडा उघडतो का?" केमिस्टांनी विचारलं.

वहिनींनी दातकोरणीने तो अलगद उघडला.

केमिस्ट आणखी वाकले. त्यांचं नाक जवळजवळ रोबोच्या तोंडात गेलं. "खालची डावी," ते हळू आवाजात म्हणाले. "शेवटची दाढ. त्यात चांदी भरलीय."

"भरलीय," वहिनी म्हणाल्या. "रोज एवढं चावतो, म्हटलं, एखादी तरी किडली असणार."

"पण मिटलेल्या तोंडात, सगळ्यात मागे, मोहरीएवढी. कोणाला दिसणार होती ती?"

"दिसली की तुम्हाला," वहिनी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं.

"अहो केमिस्ट, सरका आता," मागून सर्जन ओरडले. "आम्हालाही बघू द्या की ती दाढ!"